देवीचा विषाणू : राखावा की नष्ट करावा?

१. प्रास्ताविक

ज्यांचा जन्म १९७० च्या सुमारास किंवा त्यापूर्वी झाला अशा पुष्कळशा भारतीयांच्या हातावर देवीची लस टोचल्याचा वाटोळा, किंचित खोलगट व्रण आजही दिसतो. महाराष्ट्रात ह्या टोचणीस 'देवी काढणे' असे म्हणत, आणि देवी काढणारा गावात आला की मुले कणगीमागे लपत. ह्या पिढीच्या नातवंडांच्या दंडावर क्षयाच्या लशीची खूण सापडेल, परंतु देवीच्या लशीची खूण सापडणार नाही. ज्या रोगाविरुद्ध ती लस दिली जाई, तो रोगच पृथ्वीवर उरलेला नाही.

मानवाने एका रोगाचे समूळ उच्चाटन केले, ह्याइतके अभिमानास्पद उदाहरण वैद्यकशास्त्राच्या इतिहासात क्वचितच आढळेल. तथापि रोग नाहीसा झाला म्हणजे त्याचा विषाणूही नाहीसा झाला असे नव्हे. तो दोन देशांतील दोन प्रयोगशाळांत गोठविलेल्या स्थितीत अद्याप आहे. तो नष्ट करावा की राखावा, हा प्रश्न गेली चार दशके जगापुढे आहे. मध्यंतरी ह्या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. विषाणूची कुपी नसली तरी त्याच्या घटनेविषयीचे ज्ञान हाती असले म्हणजे पुरे, अशी वेळ जवळ येत चालली आहे.

विज्ञानाच्या प्रगतीमुळे राष्ट्रांच्या सुरक्षिततेपुढे जे नवे पेच उभे राहतात, त्यांचे स्वरूप समजून घेण्यास देवीच्या विषाणूचे उदाहरण फार उपयोगी आहे. प्रस्तुत पाठात त्याचा क्रमवार विचार केला आहे.

२. रोग आणि त्याचे उच्चाटन

देवीचा रोग विषाणूमुळे होतो. श्वासावाटे विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारणतः १० ते १४ दिवसांनी ताप येतो व पुढे अंगावर फोड उठतात. रोगाच्या उग्र प्रकारात सुमारे १०० रोग्यांपैकी ३० दगावत. जे वाचत, त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर व्रण राहत. कित्येकांची दृष्टी जाई. एकट्या विसाव्या शतकात ह्या रोगाने सुमारे ३० कोटी माणसांचा बळी घेतला असा अंदाज आहे. ह्या रोगावर गुणकारी ठरलेले औषध त्या काळी उपलब्ध नव्हते. लस हाच एक आधार होता.

इंग्लंडातील वैद्य एडवर्ड जेन्नर ह्यांनी १७९६ साली गोस्तनदेवीच्या द्रव्याची टोचणी करून पाहिली व तीमुळे देवीपासून संरक्षण मिळते हे दाखविले. ही लस बगदाद व बसरा ह्या मार्गाने भारतात आली आणि १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम टोचण्यात आली. तिच्या हातावरील फोडातील द्रव्यापासून पुढे देशाच्या इतर भागांत लस पोचविण्यात आली.

लस सापडल्यानंतरही रोग जाण्यास पावणेदोनशे वर्षे लागली. १९५८ साली सोव्हिएत संघाचे प्रतिनिधी व्हिक्टर झ्दानॉव्ह ह्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत असा प्रस्ताव मांडला की, सर्व राष्ट्रांनी मिळून हा रोग पृथ्वीवरून घालवावा. १९६७ साली मोहिमेने जोर धरला, तेव्हा दरवर्षी एक कोटीहून अधिक लोकांस देवी येत व सुमारे २० लाख मरत. ह्या मोहिमेस एक गोष्ट अनुकूल होती. देवीचा विषाणू केवळ मनुष्याच्याच शरीरात वाढतो. त्यास पशुपक्ष्यांचा आसरा नाही. म्हणून प्रत्येक रोगी शोधून काढून त्याच्या भोवतालच्या सर्व माणसांस लस टोचली, तर विषाणूस पुढे जाण्यास वाटच उरत नाही. सर्व लोकसंख्येस सरसकट टोचण्याऐवजी ह्या 'शोधा आणि वेढा' पद्धतीचा अवलंब केल्यावर यश दृष्टिपथात आले.

भारतात राष्ट्रीय देवीनिर्मूलन कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. १९७४ साली देशात, विशेषतः बिहारमध्ये, रोगाचा मोठा उद्रेक झाला. त्या एका वर्षात सुमारे १ लाख ८८ हजार रोगी आढळले व ३१ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आरोग्यसेवकांनी खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन रोग्याचे चित्र दाखविले, बातमी देणाऱ्यांस बक्षिसे दिली व रोग्यांच्या घरांवर पहारे बसविले. १९७५ च्या मे महिन्यात भारतातील अखेरच्या रोग्याची नोंद झाली व एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त झाल्याचे मान्य केले. नैसर्गिक रीत्या देवी आलेला जगातील अखेरचा रोगी ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात आढळला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने जग देवीमुक्त झाल्याची घोषणा केली.

३. प्रयोगशाळेतील अवशेष

ह्या घोषणेपूर्वीच एक दुःखद घटना घडून गेली होती. १९७८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे सोमालियातील अखेरचा रोगी बरा झाल्यावर, इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे वैद्यकीय छायाचित्रकार म्हणून काम करणाऱ्या एका स्त्रीस देवी आल्या. तिच्या कामाची खोली ज्या इमारतीत होती, तिच्याच खालच्या मजल्यावर देवीच्या विषाणूवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. विषाणू तिच्यापर्यंत नेमका कोणत्या मार्गाने पोचला ह्याविषयी पुढे मतभेद राहिले; परंतु तो त्या प्रयोगशाळेतीलच होता ह्याविषयी शंका राहिली नाही. ती स्त्री सप्टेंबरात मरण पावली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी तत्पूर्वीच आत्महत्या केली होती. त्यापूर्वी १९७३ साली लंडन येथील प्रयोगशाळेतूनही विषाणूचा संसर्ग बाहेर गेला होता व दोन माणसे दगावली होती.

गावोगावचा रोग आटोक्यात आल्यावर तो प्रयोगशाळेतून पुन्हा बाहेर पडू शकतो, ही गोष्ट ह्या घटनांनी सिद्ध केली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने सर्व देशांस विनंती केली की, त्यांनी आपल्याजवळील देवीच्या विषाणूचे साठे नष्ट करावे किंवा नेमून दिलेल्या प्रयोगशाळांकडे सोपवावे. १९८४ पर्यंत असे दोनच साठे उरले. पहिला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रात व दुसरा सोव्हिएत संघात मॉस्को येथे. दुसरा साठा १९९४ साली सायबेरियातील नोव्होसिबिर्स्कजवळच्या कोल्त्सोव्हो येथील 'व्हेक्टर' ह्या संस्थेत हलविण्यात आला.

'दोनच साठे' हे विधान अधिकृत नोंदींपुरतेच खरे मानावे लागते, हे पुढे एका प्रसंगावरून दिसून आले. १ जुलै २०१४ रोजी अमेरिकेतील बेथेस्डा येथे सरकारी प्रयोगशाळेचे सामान हलविले जात असता एका शीतगृहात जुने खोके सापडले. त्यात १९५४ च्या सुमाराच्या कुप्या होत्या व त्यांतील काहींवर देवीच्या विषाणूचे नाव होते. तपासणीत तो विषाणू जिवंत असल्याचे आढळले. साठ वर्षे तो तेथे होता व कोणासही त्याची आठवण नव्हती. त्या कुप्या पुढे नष्ट करण्यात आल्या. अशी विसरलेली खोकी अन्यत्र नसतीलच असे खात्रीपूर्वक कोण सांगणार?

४. दोन पक्ष

अधिकृत साठे ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत नष्ट करावे असे प्रथम ठरले होते. ती मुदत १९९५, १९९९, २००२ अशी वारंवार पुढे ढकलली गेली. त्यानंतर निश्चित तारीख ठरलीच नाही. दर काही वर्षांनी जागतिक आरोग्य सभेपुढे हा विषय येतो व निर्णय लांबणीवर पडतो. दोन्ही बाजूंस विचारी शास्त्रज्ञ आहेत. म्हणून त्यांची मते नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

नष्ट करावा असे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा की, विषाणू जोवर कोठेतरी आहे तोवर तो अपघाताने वा हेतुपुरस्सर बाहेर पडण्याचा धोका आहे. १६ सप्टेंबर २०१९ रोजी कोल्त्सोव्हो येथील त्याच संस्थेच्या एका इमारतीत दुरुस्ती चालू असता वायूच्या टाकीचा स्फोट झाला. तेथे घातक जंतू नव्हते असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले; तथापि कोणतीही संस्था अपघातापासून सर्वथा मुक्त नसते हे त्यावरून दिसले. दुसरा मुद्दा नीतीचा आहे. ज्या देशांनी ह्या रोगाचा सर्वांत अधिक जाच सोसला, ते बहुतेक आशिया व आफ्रिकेतील आहेत. त्यांनी आपले साठे सोडून दिले आणि दोन बलाढ्य राष्ट्रांनी मात्र राखले. एकदा विषाणू नष्ट केला की, तो बाळगणे हा सर्व मानवजातीविरुद्ध अपराध आहे अशी स्पष्ट रेषा आखता येईल.

राखावा असे म्हणणारे उत्तर देतात की, विषाणूचे अधिकृत साठे नष्ट केल्याने अनधिकृत साठे नष्ट होत नाहीत. एखाद्या राष्ट्राने वा टोळीने तो लपवून ठेवला असल्यास त्यावरील औषधे व अधिक निर्धोक लशी तयार असणे अवश्य आहे, आणि त्यांची कसोटी पाहण्यास खरा विषाणू लागतो. ह्या संशोधनातून काही फळ हाती आलेही आहे. टेकोव्हिरिमॅट हे औषध २०१८ साली व ब्रिन्सिडोफोव्हिर हे २०२१ साली अमेरिकेत देवीवरील उपाय म्हणून मान्य झाले. देवीचा एकही रोगी जगात नसल्यामुळे ह्या औषधांची परिणामकारकता प्राण्यांवरील प्रयोगांवरूनच ठरवावी लागली. २०२२ मध्ये देवीच्याच कुळातील 'एमपॉक्स' रोग अनेक देशांत पसरला, तेव्हा देवीसाठी सिद्ध केलेली नवी लस उपयोगी पडली. मात्र टेकोव्हिरिमॅटने रोग्याचे फोड लवकर बरे होतात असे २०२४ मधील चाचण्यांत दिसून आले नाही. तेव्हा ह्या बाजूचा युक्तिवाद सर्वांशी सिद्ध झाला असेही म्हणता येत नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, उच्चाटनाच्या यशाबरोबर धोक्याचे मानही वाढत गेले. रोग गेला म्हणून लसीकरण थांबले. लसीकरण थांबले म्हणून १९८० नंतर जन्मलेल्या बहुतेक मनुष्यमात्रांस ह्या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती नाही. १९५० साली जो विषाणू अनेक रोगांपैकी एका रोगाचे कारण होता, तोच आज बाहेर पडला तर अधिक वेगाने पसरेल.

५. रोगाचे शस्त्र

रोगाचा शस्त्र म्हणून वापर ही केवळ कल्पना नव्हे. सोव्हिएत संघाने उच्चाटनाचा प्रस्ताव मांडला आणि त्या मोहिमेस एक अब्जाहून अधिक मात्रा लस दिली. त्याच राष्ट्राने गुप्तपणे देवीच्या विषाणूचे शस्त्रही तयार केले. ह्या कार्यक्रमातील एक वरिष्ठ अधिकारी केन अलिबेक १९९२ साली अमेरिकेस गेले. त्यांच्या कथनानुसार ह्या शस्त्रासाठी जो वाण निवडला गेला, तो १९६७ साली भारतातील रोग्यांपासून मिळालेला होता. म्हणजे जेथे आरोग्यसेवक रोगाशी झुंजत होते, तेथूनच त्या रोगाचे शस्त्र करणाऱ्यांस कच्चा माल मिळाला.

१९७१ साली अरल समुद्राकाठच्या अराल्स्क ह्या गावी १० जणांस देवी आल्या व त्यांतील तिघे मरण पावले. समुद्रातील एका बेटावर सोव्हिएत लष्कराचे जंतुशस्त्रांचे चाचणीक्षेत्र होते. तेथील चाचणीशी ह्या साथीचा संबंध असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ह्या साथीची वार्ता जगास सुमारे तीस वर्षांनी, २००२ साली कळली.

६. कुपीऐवजी अक्षरे

आतापर्यंत विषाणूच्या कुप्यांचा विचार केला. तथापि विषाणू ही शेवटी एक रासायनिक रचना आहे. तिचा आराखडा डीएनए नावाच्या लांब रेणूत चार घटकांच्या विशिष्ट क्रमाने लिहिलेला असतो. हे चार घटक म्हणजे जणू चार अक्षरे. देवीच्या विषाणूचा आराखडा सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांचा आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत तो संपूर्ण वाचण्यात आला. रशियातील शास्त्रज्ञांनी भारतातून १९६७ साली मिळालेल्या वाणाचा आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी बांगलादेशातून १९७५ साली मिळालेल्या वाणाचा क्रम लावला व दोन्ही प्रसिद्ध केले. विषाणू नष्ट करण्यापूर्वी त्याची नोंद राखावी, हाच त्यामागील हेतू होता. त्या काळी अक्षरे वाचता येत होती. इतका लांब मजकूर लिहिता येईल असे फारसे कोणास वाटत नव्हते.

लिहिण्याची कला मात्र झपाट्याने वाढली. २००२ साली न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रूक येथे एकार्ड विमर ह्यांच्या गटाने सुमारे साडेसात हजार अक्षरांचा पोलिओचा विषाणू रासायनिक द्रव्यांपासून तयार केल्याचे जाहीर केले. २००५ साली, १९१८ च्या महामारीत कोट्यवधी माणसांचा बळी घेणारा इन्फ्लुएंझाचा विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा उभा करण्यात आला. आणि २०१८ च्या जानेवारीत कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठातील डेव्हिड एव्हान्स ह्यांच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. देवीच्या विषाणूचा नातलग असलेला, निसर्गात आता बहुधा लुप्त झालेला घोड्याच्या देवीचा विषाणू त्यांनी व्यापारी कंपनीकडून मागविलेल्या तुकड्यांपासून तयार केला होता. ह्या विषाणूचा आराखडा देवीच्या विषाणूच्या आराखड्याहूनही लांब, म्हणजे सुमारे २ लाख १२ हजार अक्षरांचा आहे. अधिक चांगली लस मिळावी असा ह्या प्रयोगाचा उद्देश सांगण्यात आला. घोड्याच्या देवीने मनुष्यास धोका नाही. परंतु जे एका विषाणूच्या बाबतीत साधले, ते त्याच्या भावंडाच्या बाबतीत अशक्य आहे असे कोणासही म्हणता येईना.

ह्या घटनेमुळे साठ्यांचा वाद एका अर्थी मागे पडला. कुपी जाळता येते. प्रसिद्ध झालेला क्रम परत घेता येत नाही. अणुबॉम्बसाठी लागणारे युरेनियम वा प्लुटोनियम मिळविण्यास अवाढव्य कारखाने लागतात. ते उपग्रहातून दिसतात, त्यांची तपासणी करता येते. जीवशास्त्राची साधने लहान आहेत, ती रुग्णालयांत व महाविद्यालयांतही असतात, आणि विषाणू आपली संख्या आपणच वाढवितो. तथापि क्रम माहीत असणे व विषाणू तयार करणे ह्यांत अद्याप मोठे अंतर आहे, हेही विसरता कामा नये. त्यास दीर्घ अनुभव व हस्तकौशल्य लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ते अंतर कितपत कमी होईल, हा आज तज्ज्ञांच्या चिंतेचा विषय आहे.

७. ज्ञान प्रसिद्ध करावे काय?

विज्ञान उघडपणावर वाढते. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्यास पडताळता आला नाही तर त्यास विज्ञान म्हणता येत नाही. मग ज्या प्रयोगाचा दुरुपयोग होऊ शकतो, त्याचे काय करावे?

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील शास्त्रज्ञ उंदरांचा उपद्रव कमी करण्यासाठी त्यांची प्रजननक्षमता रोखण्याचा मार्ग शोधीत होते. त्यासाठी त्यांनी उंदरांस होणाऱ्या देवीच्या विषाणूत एका जनुकाची भर घातली. अकल्पित असे घडले की, तो विषाणू अत्यंत घातक बनला व लस टोचलेले उंदीरही त्याने मेले. २००१ साली त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. अशा गोष्टीची जाण सर्वांस असणे बरे, असे त्यांचे मत होते. इतर काहींस ते अविचाराचे वाटले.

दहा वर्षांनी हाच प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहिला. 'एच५एन१' नावाचा पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा मनुष्यास क्वचित होतो, परंतु झाल्यास फार घातक ठरतो. तो माणसांमाणसांत हवेतून पसरू शकेल काय, हे पाहण्यासाठी नेदरलँड्समधील रॉन फूशिए व अमेरिकेतील योशिहिरो कावाओका ह्यांच्या गटांनी फेरेट ह्या मुंगसासारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. विषाणूत थोडे बदल होताच तो हवेतून पसरू लागतो असे आढळले. अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने २०११ च्या डिसेंबरात तपशील गाळून निबंध छापावे असे सुचविले. पुढे २०१२ च्या मार्चमध्ये, सुधारलेले निबंध पाहून, मंडळाने आपले मत बदलले व ते त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. मधल्या काळात शास्त्रज्ञांनी असे प्रयोग स्वेच्छेने सुमारे एक वर्ष थांबविले.

ह्या विरामास एक पूर्वपरंपरा होती. जनुकांची जोडणी करण्याचे तंत्र नवे असता १९७४ साली पॉल बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रयोग स्वतः होऊन थांबविण्याचे आवाहन केले आणि फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील असिलोमार येथे जमून सुरक्षिततेचे नियम ठरविले. असिलोमारचे उदाहरण आदर्श म्हणून सांगितले जाते व ते योग्यच आहे. परंतु तेथे अपघाताचा विचार झाला. हेतुपुरस्सर दुरुपयोगाचा प्रश्न बाजूस ठेवला गेला. शिवाय निर्णय घेणारे बहुतेक स्वतः शास्त्रज्ञच होते. ज्यांच्यावर परिणाम व्हायचा त्या सामान्य जनांचा त्यात सहभाग किती असावा, ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही.

८. करार आणि त्याच्या मर्यादा

जंतुशस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १० एप्रिल १९७२ रोजी सह्यांसाठी खुला झाला व २६ मार्च १९७५ रोजी अमलात आला. भारताने त्यास १९७४ साली मान्यता दिली. आज १८० हून अधिक राष्ट्रे त्यात सामील आहेत. एका संपूर्ण वर्गातील शस्त्रे निषिद्ध ठरविणारा हा पहिलाच करार होय.

ह्या करारात कोणत्याही जंतूस नाव घेऊन बंदी नाही. शांततेच्या कामासाठी ज्यांचे समर्थन होऊ शकत नाही, असे प्रकार व इतके प्रमाण निषिद्ध आहे. म्हणजे वस्तूपेक्षा हेतूस महत्त्व आहे. हे शहाणपणाचे आहे, कारण त्यामुळे पुढे शोधले जाणारे जंतूही बंदीत येतात व लशींचे संशोधन मोकळे राहते. परंतु हेतू तपासणार कोण व कसा? करारात तपासणीची व्यवस्थाच नाही. करार ज्या तीन राष्ट्रांच्या ताब्यात ठेवण्यात आला, त्यांपैकी सोव्हिएत संघाने सही केल्यानंतर आपला गुप्त कार्यक्रम अधिकच वाढविला. १९७९ साली स्वेर्दलॉव्स्क येथील लष्करी केंद्रातून काळपुळीच्या रोगाचे जंतू हवेत सुटून साठांहून अधिक माणसे मेली. ते दूषित मांसामुळे घडले असे सांगितले गेले. खरे कारण १९९२ साली अध्यक्ष बोरिस येल्त्सिन ह्यांनी मान्य केले.

तपासणीची व्यवस्था करण्यासाठी १९९५ पासून वाटाघाटी चालल्या. २००१ साली अमेरिकेने मसुदा नाकारला व त्या थांबल्या. त्याच वर्षी अमेरिकेत टपालाने काळपुळीचे जंतू पाठविले गेले व पाच माणसे मेली. तपासयंत्रणेने पुढे लष्करी प्रयोगशाळेतील एका शास्त्रज्ञास जबाबदार ठरविले. त्याच्यावर खटला उभा राहण्यापूर्वीच तो मरण पावला. रक्षणासाठी ठेवलेल्या ज्ञानाचा आतूनही दुरुपयोग होऊ शकतो, अशी शंका ह्या घटनेने निर्माण केली. रासायनिक शस्त्रांच्या १९९३ च्या करारास हेग येथील संघटना व तिचे निरीक्षक लाभले आहेत. जंतुशस्त्रांच्या करारास तसे काही नाही. जिनीव्हा येथे त्याचे एक लहानसे साहाय्यक कार्यालय तेवढे आहे. २०२२ च्या नवव्या आढावा परिषदेने करार बळकट करण्याचा विचार करण्यासाठी एक कार्यगट नेमला.

९. उपायांची दिशा

एकच उपाय पुरेसा नाही, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल. म्हणून अनेक उपायांची साखळी विचारात घ्यावी लागते.

पहिला उपाय मागणीच्या ठिकाणी आहे. डीएनएचे तुकडे करून विकणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक मागणी घातक जंतूंच्या क्रमांशी ताडून पाहावी व मागणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी. २००६ साली लंडनच्या 'गार्डियन' वृत्तपत्राने देवीच्या विषाणूच्या जनुकाचा ७८ अक्षरांचा निरुपद्रवी तुकडा टपालाने मागवून दाखविला, तेव्हा ह्या पाहणीची निकड सर्वांस पटली. २००९ साली अनेक प्रमुख कंपन्यांनी एकत्र येऊन अशी पाहणी स्वेच्छेने सुरू केली. परंतु सर्वच कंपन्या त्यात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा असाही नियम आहे की, दोन अधिकृत केंद्रांखेरीज कोणत्याही संस्थेने देवीच्या विषाणूच्या आराखड्याचा २० टक्क्यांहून अधिक भाग बाळगू नये.

दुसरा उपाय प्रयोगशाळांतील शिस्तीचा. पुणे येथील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ साली स्थापन झाली. तेथे अत्यंत घातक विषाणूंसाठी सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. निपाहसारख्या रोगांचे निदान देशातच होण्यास अशा प्रयोगशाळा आवश्यक आहेत. परंतु जितक्या अशा प्रयोगशाळा वाढतील तितकी देखरेखही वाढली पाहिजे.

तिसरा उपाय कायद्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००४ साली ठराव करून, अशी शस्त्रे टोळ्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून कायदे करणे सर्व राष्ट्रांवर बंधनकारक केले. त्यानुसार भारताने २००५ साली सर्वसंहारक शस्त्रांसंबंधी कायदा केला. घातक जंतू व विशिष्ट उपकरणे ह्यांच्या निर्यातीवरही नियंत्रण आहे. मात्र विकसनशील देशांची एक रास्त तक्रार येथे नोंदविली पाहिजे. निर्बंध अति कडक झाले तर लशी व औषधे तयार करण्याची साधनेच त्यांस दुर्मिळ होतील.

चौथा उपाय सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा आहे. साथ वेळीच ओळखणे, रोग्यास वेगळे ठेवणे व भोवतालच्यांस लस देणे, ही कामे करणारी आरोग्यव्यवस्था खेड्यापर्यंत पोचलेली असणे. साथ निसर्गातून आली, प्रयोगशाळेतून आली की शत्रूकडून आली, हे प्रथम कळत नाही आणि रोग्याच्या दृष्टीने त्यास महत्त्वही नाही. १९७४ साली बिहारमध्ये ज्या आरोग्यसेवकांनी पायी हिंडून देवीचे रोगी शोधले, त्यांच्यासारखी माणसे गावोगाव असणे, हे कोणत्याही जंतुशस्त्राविरुद्ध राष्ट्राचे मुख्य संरक्षण होय.

१०. समारोप

देवीचा विषाणू राखावा की नष्ट करावा, ह्याचा निर्णय आज ना उद्या राष्ट्रांना करावाच लागेल. तो कसाही झाला तरी त्याचे ज्ञान नष्ट होणार नाही. आणि तसे ज्ञान देवीपुरतेच मर्यादित नाही. ते कोणाच्या हाती, कोणत्या नियमांखाली व कोणाच्या देखरेखीखाली असावे, हे ठरविण्याचे काम केवळ शास्त्रज्ञांचे वा सेनापतींचे नव्हे. लोकशाही देशात ते नागरिकांचेही आहे. त्यासाठी नागरिकांस विषयाची जाण हवी. आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींपैकी काहीजण उद्या प्रयोगशाळेत काम करतील, काही कायदे करतील. बहुसंख्य मात्र त्या निर्णयांचे परिणाम भोगणारे असतील. त्या सर्वांनी हा प्रश्न आताच समजून घेणे इष्ट आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. देवीच्या रोगाचे उच्चाटन शक्य झाले, पण इन्फ्लुएंझाचे तसे करता येत नाही. ह्याचे एक कारण विषाणूच्या आश्रयस्थानांच्या आधारे सांगा.
२. 'उच्चाटनाच्या यशाबरोबर धोक्याचे मानही वाढत गेले.' हे विधान स्पष्ट करा.
३. साठे नष्ट करावे व साठे राखावे, ह्या दोन्ही पक्षांचे प्रत्येकी दोन मुद्दे लिहा. तुम्हांस कोणता पक्ष अधिक पटतो? का?
४. अण्वस्त्रांवरील नियंत्रण व जंतुशस्त्रांवरील नियंत्रण ह्यांतील मुख्य फरक कोणता?
५. कॅनबेरा येथील शास्त्रज्ञांच्या जागी तुम्ही असता, तर आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला असता काय? वर्गात दोन गट करून चर्चा करा.
६. घरातील वडीलधाऱ्या माणसांस 'देवी काढण्याच्या' आठवणी विचारा व त्या लिहून वाचनालयात ठेवा.